सातचा कॉल

छत्रीबाग, इंदूर
४ नोव्हेंबर २०२५

अरूताई,

लिहायचं टाळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. तू म्हणाली होतीस, "फोनवर तू ‘हो हो, सब बढ़िया’ म्हणून सुटतोस मुकुल, तेव्हा दर आठवड्याला नीट मेल लिही." मी मान हलवली होती. दिवाळीचं कारण देणार होतो, पण आपल्या घरी यंदा दिवाळी कुठे होती. रोज दुपारी टॅब उघडायचो, ‘अरूताई’ एवढं टाइप करायचो आणि मग कुठल्यातरी व्हिडिओत घुसायचो. काल एक माणूस होता, जुन्या स्कूटरवर एकटाच स्पितीला चालला होता, मागे कुत्रा बांधलेला. कुत्र्याला पण गॉगल. त्याच्यात दुपार गेली. असो.

काका ठीक आहेत. तुझे बाबा असं लिहायला हात वळत नाही, मला लहानपणापासून ते काकाच. ठीक म्हणजे उठतात, चहा घेतात, ओटल्यापर्यंत जातात, दूध घेऊन आत येतात. काकूंच्या तेराव्यानंतर ते ओटल्याची पायरी उतरले नाहीयेत. मी म्हटलं चला बडा गणपतीपर्यंत चक्कर मारून येऊ, तर म्हणाले, "तू ये मारून." मी गेलो, मारून आलो. परत आलो तर तसेच बसलेले, तिथेच.

तू जाताना जे सांगितलंस ते माझ्या लक्षात आहे. संक्रांतीपर्यंत काकांनी टॅबवर तीन कामं आपली आपण करायला शिकायची. तुझा संध्याकाळचा व्हिडिओ कॉल उचलायचा, औषधं मागवायची, विजेचं बिल भरायचं. जमलं तर ते इथे एकटे राहू शकतात. नाही जमलं तर घर भाड्याने आणि काका पुण्याला, तुमच्या अकराव्या मजल्यावर. आणि शिकवणारा मास्तर मी. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून पळालेला.

टॅब काकूंचाच, तू दिलेला. डायनिंग टेबलावर बरणीला टेकून ठेवलेला असतो, जसा त्या ठेवायच्या. पहिल्या दिवशीची शिकवणी अशी झाली:

"काका, इथे दाबा."

"दाबलं."

"इतकं जोरात नाही."

"मग दाब कशाला म्हणतोस. हात लाव म्हण."

"बरं, हात लावा."

"लावला. काही होत नाहीये."

खरंच होत नव्हतं. त्यांची बोटं एवढी कोरडी झालीत की काचेला समजतच नाही कोणी आलंय. मग ते जिभेला बोट लावतात. मिलच्या टाइम ऑफिसात रजिस्टरची पानं उलटायचे ना, तसं. ओलं बोट फिरवलं की स्क्रीन सरकते. दिवसातून पाच-सहा वेळा मी ती पुसतो.

एक गोष्ट झाली, ती पण सांगतो, नाही तर चारुलताकाकू सांगतीलच. भजनी मंडळाच्या ग्रुपमधून काकूंचं नाव अजून कोणी काढलं नाहीये. "यशोधराजी, कल चार बजे, ढोलक वाली नहीं आएगी" असे मेसेज अजून येतात. परवा काकांचा अंगठा कुठेतरी लागला आणि काकूंच्या नावाने ग्रुपवर एक नाचणारा हत्ती गेला. खाली लिहिलेलं, ‘मैं पहुँच गई’. दहा मिनिटांत शेजारून चारुलताकाकू आल्या, पदर खोचलेला, चेहरा पांढरा.

"अहो भाऊजी, यशोधरेचा मेसेज आलाय."

काका म्हणाले, "काय म्हणते?"

"पोचले म्हणते."

काकांनी जरा विचार केला. म्हणाले, "चांगलं झालं."

चारुलताकाकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी हत्ती दाखवला. त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं मला पण लवकरच पोचवाल." कोणी हसलं नाही. मलाच वाटलं हसायला पाहिजे होतं.

मी इथेच आहे सध्या. देवासला आईकडे जायचं म्हणतो आणि जात नाही. गोकर्णचा एक मुलगा बोलवून राहिलाय, होस्टेलमध्ये काम आहे म्हणतो. बघू.

मुकुल


पुणे
९ नोव्हेंबर

मुकुल,

उशिरा का होईना, लिहिलंस. तुझं मराठी वाचताना हिंदीच्या शिकवणीला बसल्यासारखं वाटलं, पण बरं वाटलं. हत्तीचं चारुलताकाकूंनी मला त्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं. तिसऱ्या वाक्याला त्या रडायला लागल्या, मग मी त्यांचीच समजूत काढत बसले.

तू सगळं लिहिलंस आणि मुख्य तेच लिहिलं नाहीस. मी रोज सातला ऑफिसातून येऊन पहिला कॉल बाबांना करते. उचलला जातो. पण समोर काळं. पूर्ण काळं, मुकुल. आवाज येतो, मागे पंख्याची घरघर येते, बाबांचा ‘हं’ येतो. चेहरा नाही. मी म्हणते, बाबा, टॅब पालथा पडलाय का? "नाही." मग समोरून हात काढा. "हात मांडीवर आहेत." आणखी काय बोलणार? मी त्या काळ्याला सांगते की आज मीटिंग होती, मानसची परीक्षा आहे, त्यांच्या जावयाची, यशवर्धनची, बदली टळली. तिकडून हं. विहिरीत बोलल्यासारखं.

मला काय वाटतं ते सांगते. तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर मी बाबांजवळ घराचं बोलले. घाई केली असेन, पण माझी सुट्टी संपत होती. ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून हे सुरू आहे. ते माझ्यावर रागावलेत, आणि त्यांचा राग तुला माहीत आहे. भांडत नाहीत, दार लावून घेतात. मिलमध्ये साहेबाशी वाजलं होतं तेव्हा ते घरात पंधरा दिवस पेपर तोंडासमोर धरून बसायचे, तू लहान होतास.

तर बाकीच्या दोन गोष्टी राहू दे. औषधं मी इथून मागवीन, बिल मी भरीन. पण ज्या माणसाला मी बघूच शकत नाही, त्याला मी तिथे एकटं कसं ठेवू? चेहरा दाखवायला तयार नसतील तर याचा अर्थ त्यांनी ठरवलंय. मग मीही ठरवते.

काय करतात ते सातला, मला नीट बघून सांग. गोकर्णाला नंतर जा.

अरूताई


छत्रीबाग
१६ नोव्हेंबर

अरूताई,

बघितलं. मी दारात उभा राहून बघितलं, त्यांना न कळता.

साडेसहालाच सुरू होतात. आधी तोंड धुतात. मग शर्ट बदलतात, तो निळा चौकडीचा. दाढी नाही करत, पण कंगवा फिरवतात. मग टॅबसमोर बसून रुमालाने स्क्रीन पुसतात, हळू, कडेकडेने, जसं काही काचेला लागेल. आणि वाट बघतात. तुझी रिंग वाजली की जिभेला बोट लावून हिरवं सरकवतात. पहिल्या फटक्यात. ते त्यांना जमतं, आता मस्त जमतं. मग पूर्ण वेळ समोर बघतात. हात खरंच मांडीवर. तुझ्यावर चिडलेला माणूस केसांना कंगवा कशाला फिरवेल, ताई? मला नाही वाटत तसं काही.

मग मी सेटिंगमध्ये घुसलो. कॅमेऱ्याला परवानगी दिली, काढली, परत दिली. टॅब बंद करून चालू केला. एक अपडेट दिसली, ती टाकली, त्याच्यात रात्र झाली. तरी काळंच. आज दुपारी ओटल्यावर उन्हात टॅब पुसत बसलो होतो (शेव खाऊन हात लावला होता, माझीच चूक), तेव्हा दिसलं. कॅमेऱ्यावर काहीतरी चिकटलेलं होतं. काळ्या पट्टीवर काळपट, म्हणून दिसत नव्हतं. कचरा होता. नखाने काढला. आता बघ, चकाचक दिसेल.

म्हणजे एवढीशी गोष्ट. तू उगाच तेराव्यापर्यंत गेलीस.

औषधांचं पण सांगतो. काकांनी स्वतः मागवली, मी फक्त शेजारी बसलो होतो. ‘पुन्हा मागवा’ वर बोट ठेवलं आणि झालं. तिसऱ्या दिवशी मुलगा पुडा देऊन गेला. उघडला तर त्यात काकूंची थायरॉइडची गोळी पण, बीपीची पण. जुनी यादी जशीच्या तशी आली होती. मी म्हटलं, परत करू या, परत घेतात. काका म्हणाले, "राहू दे." काकूंच्या खणात नीट लावून ठेवली, तारीख बघून, जुनी पुढे आणि नवी मागे. मग आम्ही खिचडी खाल्ली.

इथे थंडी पडायला लागलीय. सकाळी गल्लीत ऊन यायला वेळ लागतो, तोपर्यंत मी गच्चीवर बसतो. पतंगवाले आत्तापासूनच मांजा सुतवून राहिलेत. एकाशी तासभर बोलत बसलो, तो म्हणे काच कुटायची नसते, ती... जाऊ दे, लांब आहे.

मुकुल


पुणे
१९ नोव्हेंबर

मुकुल,

दिसले.

रविवारी कॉल राहून गेला, सोमवारी लागला आणि एकदम उजेड. मागे फ्रीज, त्यावरची परडी, आणि मधे बाबा. असे दिसतात ते? गालांत खड्डे पडलेत. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलते. दाढी एवढी. तू रोज बघतोस म्हणून तुला कळत नसेल. ‘काका ठीक आहेत’ लिहिलं होतंस तू. मी कोणावर विश्वास ठेवून इथे मुलाचे डबे भरत होते?

आणि एक. ते माझ्याकडे बघत नव्हते. थोडं वर बघत होते, माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी. मी म्हटलं, बाबा, इकडे बघा ना. बघितलं, आणि परत नजर वर. मी बोलत होते आणि ते वरच बघत होते. म्हणजे राग आहेच. काळं होतं तेव्हा निदान मला दिसत तरी नव्हतं.

काल आणि आज कॉल उचललेलाच नाही. रिंग वाजत राहते आणि थांबते.

मी संक्रांतीपर्यंत थांबत नाहीये. यशवर्धनशी बोलले, तो म्हणतो, घेऊन ये. मागची खोली मानसच्या पसाऱ्यातून रिकामी करतेय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येईन. घराचं नंतर बघू, आधी माणूस. तू त्यांना काही सांगू नकोस, मी आल्यावर सांगेन. तू तिथे होतास म्हणून मला एवढं तरी कळलं, हे खरं आहे. पण तू तिथे असूनही ते असे झालेत, हेही खरंच आहे ना?

अरूताई


सांवेर रोड
२६ नोव्हेंबर

अरूताई,

पत्ता बदललाय, बघितलंच असशील. मी काकांकडून निघालो. नीरज आठवतो का, माझ्या शाळेतला, दात पुढे असलेला? तो इथे एका नमकीनवाल्याच्या गोदामात आहे. पाकिटं खोक्यात भरायची, खोक्यावर टेप मारायची. वरच्या मजल्यावर झोपायला जागा. दिवसभर टेपचा आवाज असतो, चर्र चर्र, डोक्यात दुसरं काही येत नाही. मला तेच पाहिजे होतं.

तुला मागच्या वेळी अर्धंच लिहिलं. कचरा नव्हता तो. टिकली होती.

काकूंना सवय होती ना, झोपताना टिकली काढून जवळ जे असेल त्याला लावायची. शेवटी शेवटी त्या झोपायच्या आधी टॅबवरच काहीतरी वाचायच्या, मग त्याच्याच काठाला लावून द्यायच्या. बारकी, गडद मरून. त्यातली एक बरोबर वरती मध्यावर बसली होती. बाकीच्या मी आधीच पुसताना घालवल्या असणार, लक्षातच आलं नाही. ती एकच उरली होती, आणि ती मी नखाने काढून गल्लीत उडवली.

तुझा कॉल लागला त्या सोमवारी, तू ठेवल्यावर काका बराच वेळ टॅबच्या वरच्या काठावर बोट फिरवत होते. मग म्हणाले, "मुकुल, इथे एक टिकली होती."

मी म्हटलं, "कॅमेऱ्यावर होती काका. त्याच्यामुळेच ताईला तुम्ही दिसत नव्हतात."

"हं. कुठे आहे?"

"कचरा वाटला. टाकली."

"हं."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी खाली वाकून टेबलाखाली बघितलं, पायपुसणं उचलून बघितलं, झटकलं. मी म्हटलं, बाहेर टाकली. तर बाहेर ओटल्यावर गेले, बसले, फरशीकडे बघत. झाडणारी सकाळीच येऊन गेली होती. इंदूर आहे हे, इथे गल्लीत काय राहतं.

मी म्हटलं, खणात काकूंची पूर्ण पाकिटं पडलीत, त्यातली एक लावू का? माझ्याकडे बघितलं, जसा मी दुसऱ्या गावाचा आहे. टॅबचं झाकण लावलं. तेव्हापासून सातला बसत नाहीत.

तर ते वर बघत होते ते तुझ्या रागाने नाही. जागा बघत होते. हे तुला सांगायला मला एवढे दिवस लागले. मधल्या दिवसांत घरात आम्ही दोघंच होतो. ते जेवायचे, मी जेवायचो. मला वाईट वाटायला पाहिजे, हे कळतं. पण वाटत काही नाही. झोपलेल्या पायावर हात ठेवल्यासारखं, माहीत असतं की आपलाच आहे. मग एक दिवस नीरजचा फोन आला आणि मी बॅग भरली. भिंतीवरचं, खुर्चीवरचं, जे माझं दिसलं ते कोंबलं. काकांना म्हटलं, सांवेर रोडला काम मिळालंय. म्हणाले, "जेवायचं काय?" मी म्हटलं, मिळतं तिथे. म्हणाले, "बरं."

नेतेस तर ने त्यांना. पण चिडलेत म्हणून नेऊ नकोस.

मुकुल


पुणे
२७ नोव्हेंबर

मुकुल,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. बाथरूममध्ये जाऊन आले. रडायला गेले होते, पण रडू आलं नाही. हात धुऊन परत जागेवर बसले.

लहानपणी आमच्या आरशाला आईच्या टिकल्यांची रांग असायची. शाळेत जाताना वेणी घालायची तर त्या टाळून तोंड बघावं लागायचं. मी वैतागून सगळ्या काढायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. बाबांनी कधी एकही काढली नाही. दाढी करताना ते मान वाकडी करून मधल्या जागेत बघायचे. हे मी विसरले होते.

महिनाभर मी त्या काळ्यावर चिडत होते. तू विचारलं असतंस तर म्हटलं असतं, नको काढूस, मी बोलेन अंधाराशी. पण तू विचारलं नाहीस आणि मी हट्टच धरला होता की चेहरा दाखव. तुला एकट्याला कशाला बोलू?

पण आता ऐक. कालपासून रिंगही जात नाहीये. टॅब बंद येतोय. परवापर्यंत निदान वाजत तरी होता. म्हणजे त्यांनी तो बंदच करून ठेवलाय. चारुलताकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दूध घेतात, दार लावतात. मी विचारलं, भाऊजी, अरूशी बोलणं झालं का, तर नुसती मान हलवली. हो की नाही ते कळेल अशी तरी हलवावी माणसाने."

राग नसेल. तू म्हणतोस तर नसेल. पण राग परवडला असता, मुकुल. हे काहीच नकोसं होणं मला जास्त भीतीचं वाटतं. त्यांना कुठेच राहायचं नसेल, तर ते निदान माझ्या डोळ्यांसमोर असू देत.

डिसेंबरची वाट बघत नाही. शुक्रवारी रात्री निघते, शनिवारी सकाळी पोचते. रविवारी त्यांना घेऊन परत. तू शनिवारी घरी ये, सामान बांधायला. एवढं कर.

अरूताई


सांवेर रोड
२८ नोव्हेंबर

अरूताई,

येतो. सुट्टी मागितली, नीरज म्हणाला, "भिया, तू आला कधी आणि सुट्टीवर चालला कधी." पण दिली.

ही मेल तू बसमध्ये वाचशील. मी जेवणाच्या सुट्टीत लिहून राहिलोय, खोक्यावर बसून, फोनवरून. तुला समजवायचं नाहीये काही. तू येतेस ते बरोबरच असेल. मी फक्त एक विचार करत होतो की ते पुण्याला अकराव्या मजल्यावर काय करतील, तर मला दिसेना. इथे काय करतात तेही लिहायला बसलो तर काही नाही. दूध घेतात. मग फरक काय, तेही कळेना. नीरजला विचारलं. तो म्हणे, "अंकलला विचार ना." कोणी विचारलं नाहीये, हे मात्र खरं आहे. तू सांगितलंस, मी शिकवलं.

टॅब त्यांनी का बंद केला असेल, ते मला पण नाही समजत. ते कधीच बंद करत नव्हते. झाकण लावतील, पण बटण दाबून बंद करायचं मी त्यांना शिकवलेलंच नाही. लांब दाबावं लागतं, त्यांचा लांबवर विश्वास नाही.

थांब. खालून चौकीदार हाक मारून राहिलाय, कोणी बुजुर्ग आले म्हणतो, मुकुल कोण आहे विचारतायत. आमच्या इथे हिशेबाला कोणीतरी येणार होतं, तो असेल. आलो बघून.

ताई, काका आहेत.

खाली गेटाशी उभे आहेत. निळा चौकडीचा शर्ट, वर स्वेटर, पायात त्या जुन्या सँडल. आधी सिटी बसने आले, मग चुकीच्या फाट्यावर उतरले, मग ई-रिक्षाने. मी म्हटलं, काका तुम्ही इथे? पत्ता कोणी दिला? म्हणाले, "तू टॅबवर फोटो पाठवलास ना, गेटाचा. मागे बोर्ड आहे." मला आठवत पण नव्हतं पाठवला ते. पोचल्यावर सगळ्यांना पाठवला होता.

मी म्हटलं, काय झालं, तब्येत? म्हणाले, "तू चार्जर घेऊन आलास."

मी वर धावलो. भिंतीत जो लावलाय तो त्यांचाच आहे. माझा बॅगेच्या तळाशी सापडला, मोज्यात गुंडाळलेला. निघताना भिंतीवरचं जे दिसलं ते ओढलं होतं मी. टॅब बंद केला नव्हता कोणी. संपला होता.

खाली येऊन म्हटलं, काका, बडा गणपतीला कुठल्याही दुकानात मिळाला असता. म्हणाले, "आपला असताना दुसरा कशाला." नीरजने खुर्ची दिली, पाणी दिलं, शेवेची फोडलेली पिशवी समोर ठेवली. त्यांनी पाणी घेतलं. तू येतेस हे मी सांगितलं. म्हणाले, "हं." मग चार्जरची वायर हाताभोवती नीट गुंडाळली, खिशात घातली आणि मला विचारतायत, इथून परत जायला बस किती वेळाने मिळते. सातच्या आत घरी पोचायचंय म्हणतात, अरूचा कॉल असतो.

मुकुल